युनिट किती आणि लोड किती: घरच्या चार्जिंगचे दोन वेगळे हिशेब

इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज करायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: बॅटरी केवढी? 60 युनिटची, असं सांगितलं की लगेच दुसरा: एवढा लोड आपल्या डीपीला झेपेल का? काळजी रास्त आहे, पण इथे दोन मापांची गल्लत झाली आहे. 60 युनिट म्हणजे बॅटरीत मावणारी ऊर्जा, किलोवॅट-तासांत मोजलेली. लोड म्हणजे या क्षणाला वीज किती जोराने ओढली जातेय ते, आणि तो मोजतात किलोवॅटमध्ये. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट पडतं. घरातली वायर, एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) आणि बाहेरचं रोहित्र (डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर) यांना बॅटरीच्या आकाराशी काही देणंघेणं नसतं.

रोज 40 किलोमीटर धावणाऱ्या मध्यम गाडीला साधारण 6 युनिट लागतात, चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर 7. 230 व्होल्टला 32 अँपिअरचा वॉलबॉक्स (भिंतीवर बसवायचा चार्जिंगचा डबा) 7.4 किलोवॅट ओढतो आणि तासाभरात काम आटोपतो. तीच गाडी साध्या प्लगवर 10 अँपिअरने लावली तर 2.3 किलोवॅट, तीन तास. युनिट जवळपास तेवढेच (धीम्या चार्जिंगमध्ये गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जास्त वेळ चालू राहते, म्हणून गळती किंचित वाढते). लोड मात्र वॉलबॉक्सचा तिपटीहून जास्त.

2.3 किलोवॅट म्हणजे एका गिझरएवढा लोड. मग गिझर डीपीला कसे चालतात? कारण ते थोडा वेळ चालतात, सगळे एकाच वेळी नाही. रोहित्राची क्षमता ठरवताना सगळ्या घरांच्या मंजूर लोडची सरळ बेरीज करत नाहीत, हे सगळं एकाच वेळी चालणार नाही असं धरूनच चालतात. गाडी हे गणित बिघडवते, कारण ती तासन्‌तास ओढत राहते. संध्याकाळी घरी आल्या आल्या दहा जणांनी वॉलबॉक्स लावले तर 74 किलोवॅट, धीम्या प्लगवर 23. रोहित्राच्या वेटोळ्यांतला करंट दुप्पट झाला की त्यांतली उष्णता चौपट होते. रोहित्रातलं तेल हळू तापतं, त्यामुळे थोडा वेळ जास्त लोड निभावून जातो. तासन्‌तास राहिला तर आतल्या कागदी इन्सुलेशनचं आयुष्य घटतं, आणि ते परत मिळत नाही.

सुदैवाने हा जोर कमी करता येतो. भिंतीवरचा एसी (म्हणजे घरच्या साध्या विजेवरचा) वॉलबॉक्स खरं तर बॅटरी चार्ज करत नाही, ते काम गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो. वॉलबॉक्स फक्त एका बारीक तारेवरून त्याला सिग्नल देतो, की इतके अँपिअर घे, त्याहून जास्त नको. प्रमाणित पद्धतीत ही मर्यादा 6 अँपिअरपर्यंत खाली आणता येते. म्हणून घराचा लोड वाढला की गाडीला हळू करणारे वॉलबॉक्स मिळतात, आणि मंजूर लोड वाढवून घेण्याआधी मी तरी तेच बघेन.

रात्रीचा टायमर चांगलाच, पण सगळ्यांनी एकच वेळ लावली तर संध्याकाळची गर्दी नुसती मध्यरात्रीवर ढकलली जाते. ब्रिटनच्या 2021 च्या नियमांनी म्हणूनच घरच्या वॉलबॉक्सला 10 मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक (प्रत्येकाला वेगवेगळा) उशीर घातला आहे.

एकूण लोड ठीक असूनही एक गोष्ट राहून जाते. इमारतीतले सिंगल फेज वॉलबॉक्स एकाच फेजवर पडले तर त्या फेजचं व्होल्टेज खाली येतं, न्यूट्रलमधून करंट वाढतो आणि बाकीचे दोन फेज मोकळेच राहतात. वायरमनला किलोवॅट विचाराल तेव्हा आधीचे वॉलबॉक्स कोणत्या फेजवर आहेत, हेही विचारा.