खारबांध (ठाणे खाडी)

खारबांध : भरतीचे पाणी शेतात व वस्तीत शिरू नये म्हणून खाडीकाठाने घातलेला मातीचा बांध. ठाणे खाडीच्या पूर्व काठावर ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, करावे, बेलापूर या गावांच्या खाजणांत (भरतीचे पाणी येणाऱ्या दलदलीच्या जमिनींत) आणि पुढे पनवेल खाडीच्या बाजूला असे बांध होते. काही अजून उभे आहेत. त्यांच्याआड भातखाचरे व मिठागरे होती, आता बऱ्याच ठिकाणी इमारती आहेत. रत्नागिरीकडच्यासारखे जांभ्याचे उंच कडे या काठाला नाहीत. त्यामुळे धूप इथे बांधाच्या अंगावर दिसते आणि बांध फुटला की पाणी थेट घरात पोचते.

रचना : खाडीकडचा मुख्य बांध म्हणजे बाहेरकाठा. त्याच्या आत खाचरांचे लहान बांध असतात. बाहेरकाठ्याचा माथा मोठ्या उधाणाच्या पातळीहून साधारण मीटरभर वर ठेवतात. मुंबई बंदरात मोठ्या उधाणाची भरती भरती-ओहोटीच्या तक्त्यातील शून्यापासून (जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून) ४.५ ते ५ मीटरपर्यंत चढते. माथ्याची उंची या आकड्याला वाऱ्याची लाट व मातीची बसण जोडून ठरते. खाडीकडचा उतार सपाट (बहुधा १:३ च्या आसपास), आतला थोडा उभा. गाभा चिकण खाजणमातीचा, वर मुरमाचे कवच, आणि लाटेचा मारा असेल तेथे दगडी पिचिंग (उतारावर रचलेले दगडांचे अस्तर). पिचिंगखाली बारीक खडीचा थर नसेल तर ओहोटीबरोबर माती फटींतून बाहेर ओढली जाते. दगड जागच्या जागी खाली बसतात व बांध आतून पोकळ होतो. बाहेरून तो महिनोन् महिने शाबूत दिसतो, म्हणून हा दोष सर्वांत घातक मानावा.

पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी बांधात उघाडी असते. तिची झडप वरच्या बाजूला बिजागरीवर टांगलेली असते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून निघून जाते, भरतीला खाडीच्या दाबाने ती मिटते.

प्राचीनता : १८८२ च्या ठाणे आणि १८८३ च्या कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटिअरांतून खाऱ्या जमिनींची तपशीलवार माहिती मिळते. कुलाब्याच्या वर्णनात शिलोत्री पद्धत येते. खाजण बंदिस्त करणाऱ्याला जमिनीवर कायम हक्क मिळे आणि बाहेरकाठ्याच्या दुरुस्तीसाठी बिघ्यामागे ठरावीक भात वेगळे काढले जाई. हा पट्टा १५३४ नंतर पोर्तुगीज व १७३९ नंतर मराठी अंमलाच्या प्रभावात होता. त्यामुळे बंदिस्तीचे श्रेय कधी पोर्तुगीज जमीनदारीला, तर कधी सवलतीचे कौल (करारपत्रे) देणाऱ्या मराठी राजवटीला दिले जाते. मात्र कौल सापडतो तो बहुधा नव्याने बांधलेल्या किंवा फुटून पुन्हा घातलेल्या बंदिस्तीचा. तेव्हा त्याची तारीख ही प्रथेची अलीकडची मर्यादा धरणे योग्य, म्हणजे प्रथा त्याहून जुनी असू शकते. बांधाच्या मातीतून वय काढणेही अवघड, कारण दरवर्षी ताज्या चिखलाचा लेप चढत असल्याने जुना गाभा सलग राहत नाही. कसणाऱ्यांची प्रथा आधीची व राज्यकर्त्यांचे कौल नंतरचे, हे मत अधिक पटते. दुरुस्तीसाठी वेगळे भात काढण्याची व्यवस्था कोणत्याही राजवटीच्या फर्मानापेक्षा गावकीच्या कामाशी जास्त जुळते. रायगडकडे अशा सामुदायिक दुरुस्तीला जोळ म्हणतात.

बांध कसा फुटतो : लाटेच्या धडकेने बांध सरळ कोसळणे क्वचित घडते. नेहमीचा क्रम वेगळा असतो. चैत्र-वैशाखात चिकणमाती सुकून उभ्या भेगा पडतात. चिंबोऱ्या व उंदीर त्यांतच बिळे रुंद करतात. आषाढ-श्रावणात अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी मोठे उधाण येते. त्यालाच नैर्ऋत्येचा वारा मिळाला की माथ्याच्या सखल जागेवरून पाणी आत सांडते. ते आतल्या उभ्या उतारावरून धावत माती नेते, घळ माथ्याकडे सरकते व काही तासांत खांड (बांधाला आरपार तोंड) पडते. म्हणजे घाव बहुतेकदा आतल्या बाजूने बसतो. पाहणी मात्र खाडीकडूनच होते, ही मोठी चूक आहे.

दुसरे कारण पायथ्याची धूप. वळणाच्या बाहेरच्या काठाला प्रवाह पायथा पोखरतो. शेजारच्या तळातून वाळू उपसली तर पात्र खोल होते व काठ घसरत येतो. कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदरांकडे ही धास्ती जुनी आहे. बांधासमोरची खारफुटी लाटेचा जोर कमी करते, म्हणून तिची तोड बांधाला भोवते. प्रत्यक्ष बांधाच्या अंगावर मात्र मोठे झाड वाढू देऊ नये. ते मेल्यावर कुजलेल्या मुळांच्या जागी नळ्या राहतात. उघाडीच्या दगडी भिंतीला माती जेथे भिडते तेथेही पाझर फुटतो. झडपेत फांदी किंवा प्लॅस्टिक अडकून वीतभर फट राहिली तरी खारे पाणी रात्रभर आत येत राहते.

खांड भरणे : भरती दिवसाकाठी दोनदा, सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. प्रत्येक वेळी आतले सगळे पाणी त्याच तोंडातून जाते-येते व तोंड रुंदावते. त्यामुळे दोन दिवसांची दिरंगाई कामाचा आकार बदलून टाकते. काम भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमारास पाण्याची चढ-उतार कमी असताना धरतात. तळ खोल खणला गेला असेल तर जुन्या रेषेचा हट्ट सोडून उथळ जागेवरून वळसा घालावा. आधी दोन्ही टोके बांबू व पोत्यांनी बांधून घेतात, नाहीतर मधे माती पडत असताना कडा वाहत राहतात. मग खुंटांच्या दोन ओळी ठोकून त्यांत पेंढा व चिकणमातीची ढेकळे थरांनी तुडवतात. पोत्यांत नुसती वाळू भरू नये, तिच्यातून पाणी झिरपते. शेवटचे तोंड पूर्ण ओहोटीला, एकाच पाळीत बंद करावे लागते व पुढच्या उधाणाआधी माथा उंचीला न्यावा लागतो. ताजी माती बसते, म्हणून थोडी उंची जास्तच ठेवतात.

खारे पाणी शिरलेली शेती दोन-तीन पावसाळ्यांत धुऊन निघते. तोवर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या क्षारसहनशील जातींचा आधार असतो.

नगरवस्तीनंतर : खारजमिनींसाठी १९४८ चा कायदा होता, १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियमाने त्याची जागा घेतली. १९७० मध्ये सिडको (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) स्थापन झाल्यावर नवी मुंबईच्या संपादनात खाजणे गेली आणि बांध राखणारी गावकी विखुरली. घरांना बांधाची गरज मात्र पूर्वीहून वाढली, कारण भरावाची बरीच जमीन मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. त्यासाठी डच धर्तीवर धारण तलाव खोदले गेले. भरतीच्या तासांत झडपा मिटलेल्या असताना शहराचे पावसाचे पाणी त्यांत थांबते व ओहोटीला खाडीत जाते. गाळ साचला की धारणक्षमता घटते. गाळात खारफुटी उगवली की तो काढण्यासाठी परवानगीची गरज पडते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांमुळे खारफुटीला व तिच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य, तर २०२२ मध्ये रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झाला. हे संरक्षण आवश्यकच आहे, पण परवानगीला वेळ लागतो. म्हणून बांधाच्या दुरुस्तीचा अर्ज पावसाळा संपताच, भेगा व पाझराच्या जागा नोंदवून, करणे इष्ट. वैशाखात केलेल्या अर्जावर काम सुरू होण्याआधी उधाण येते.