छोट्या, आपुलकीच्या शाळेत प्रवेश हवाय? पात्रता, कागदपत्रं आणि आरटीईचा अर्ज

वर्गात वीस-पंचवीस मुलं, ताईंना प्रत्येकाच्या घरचं ठाऊक, पालकांचा शाळेत राबता आणि छडी नाहीच. अशा शाळांची महाराष्ट्राला चांगली ओळख आहे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवन उभं केलं आणि तिथे सगळ्या थरांतली मुलं एकत्र शिकावीत असा आग्रह धरला. पुण्यात १९९२ पासून अक्षरनंदन आहे. या वाटेने जाणाऱ्या, फारशी नावं न झालेल्या शाळा आज तालुक्याच्या गावांतही दिसतात.

अशा शाळेबद्दल पालकांशी बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘शाळा छान आहे हो, पण ती आपल्यासाठी नाही.’ यातल्या बऱ्याच घरांना कायद्याने तिथे जागा मिळू शकते. अडतं ते वेळेवर न काढलेल्या एखाद्या दाखल्यापाशी किंवा नकाशावरच्या चुकलेल्या खुणेपाशी. म्हणून ही सगळी प्रक्रिया नीट मांडून सांगतो.

आधी शाळेची कागदपत्रं बघा

आपले कागद गोळा करण्याआधी शाळेचे बघावेत. शाळेला यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, आहे का, हा पहिला प्रश्न. हा क्रमांक अकरा आकडी असतो आणि महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. बहुतेक शाळांच्या फलकावर, दाखल्यावर, प्रगतिपुस्तकावर तो छापलेला सापडतो. दुसरा प्रश्न शिक्षण हक्क कायद्याखालच्या मान्यता प्रमाणपत्राचा. ते दाखवा म्हणून विनंती करा आणि त्यावरची मुदत वाचा. असं विचारण्यात संकोच नको. चांगली शाळा प्रमाणपत्र काढून समोर ठेवते.

हे एवढ्यासाठी सांगतो की छोट्या, प्रयोगशील जागांपैकी काही शाळा नसतात, त्या शिक्षण केंद्रं असतात. तिथे मुलं आनंदाने शिकतातही. पण कायद्याच्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. तशी चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला दहा हजार रुपये अशी तरतूद आहे. मान्यता नसलेल्या ठिकाणचा दाखला पुढच्या शाळेत चालत नाही. केंद्राचा मार्ग निवडायचा असेल तर दहावीसाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा (बाहेरून परीक्षा देण्याचा) फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा लागेल, हे समजून निवडा. शाळा कितवीपर्यंत आहे तेही विचारून घ्या. बऱ्याच छोट्या शाळा चौथीला किंवा सातवीला थांबतात.

वय

पहिलीत ज्या वर्षी जूनमध्ये जायचं, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाची सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. नर्सरीसाठी याच तारखेला तीन वर्षं. ही किमान अट आहे. डिसेंबरातल्या मुलाला आणखी एक वर्ष थांबवा, असं छोट्या शाळांतल्या ताई पुष्कळदा सुचवतात आणि ते मला पटतं. मात्र आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या राखीव जागांसाठी, अर्ज करणार असाल तर तिथे कमाल वयाचीही मर्यादा असते. थांबण्याआधी ती तपासा, नाहीतर मूल त्या मर्यादेबाहेर जाईल.

जन्मदाखला नाही म्हणून कोणत्याही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ मध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. रुग्णालयातली किंवा परिचारिकेच्या नोंदवहीतली नोंद, अंगणवाडीची नोंद, तेही नसेल तर आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र, यांवर काम होतं.

मुलाखत, देणगी आणि फी

पालकांचा आणि शाळेचा विचार जुळावा, असं या शाळांना मनापासून वाटतं. गृहपाठ नाही म्हणून दोन महिन्यांत तक्रार करणारे पालक आले की सगळ्यांनाच त्रास. त्यामुळे पालकभेट, शाळेत अर्धा दिवस बसून बघणं, माहितीसत्र या गोष्टी योग्यच आहेत. पण पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची परीक्षा घेणं किंवा पालकांचं शिक्षण, नोकरी, इंग्रजी बघून एकाला घेणं आणि दुसऱ्याला वगळणं हे कलम १३ ने बंद केलं आहे. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढायची. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत. ‘इमारत निधीला स्वेच्छेने काहीतरी द्या’ ही विनंती प्रवेशाच्या आधी आली तर ती स्वेच्छा राहत नाही.

फीसाठी राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेतला पालक सोडतीने येतो आणि ही समिती फी मान्य करते. छोट्या शाळेत सोडतीत तुमचंच नाव निघण्याची शक्यता भरपूर. निघालं तर नाही म्हणू नका.

पंचवीस टक्के राखीव जागा

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने सुरुवातीच्या वर्गातल्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. शाळा छोटी म्हणून यातून सुटत नाही. वीस मुलांचा वर्ग असेल तर पाच जागा. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळांना मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार हे लागू नाही.

मध्यंतरी ही तरतूद महाराष्ट्रात जवळजवळ निकामी झाली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट दिली. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयाने तो बदल रद्द केला. ‘आता ते बंद झालंय’ असं कुणी अजूनही सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पात्र कोण? वंचित घटकात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, विशेष मागास प्रवर्ग येतात. दिव्यांग, अनाथ आणि एचआयव्हीबाधित किंवा प्रभावित मुलंही यातच. वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही, हे फार कमी पालकांना माहीत असतं. ओबीसी पालक ‘आमचं उत्पन्न लाखाच्या वर आहे’ म्हणून अर्जच भरत नाहीत आणि हक्काची संधी सोडतात. वार्षिक एक लाख रुपयांच्या आत उत्पन्न ही अट दुर्बल घटकासाठी आहे, म्हणजे या यादीत न बसणाऱ्या कुटुंबांसाठी.

अर्ज शालेय शिक्षण विभागाच्या आरटीई पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, तो मोफत आहे. एका मुलाचा एकच अर्ज भरा. नावात किंचित बदल करून दुसरा भरला तर दोन्ही बाद होतात. शाळा जास्तीत जास्त दहा निवडता येतात. सोडतीत लागलेली शाळा घेतली नाही, तर पुढच्या फेऱ्यांत त्या वर्षी संधी नसते. म्हणून दहाचे दहा रकाने भरायची घाई करू नका. ज्या शाळेत मुलाला खरोखर पाठवाल, जिथे रोज सोडणं-आणणं जमेल, तेवढ्याच टाका. तीनच झाल्या तरी हरकत नाही.

आता नकाशा. अर्ज भरताना घराच्या जागेवर खूण ठेवावी लागते आणि त्यावरून शाळेचं अंतर मोजलं जातं. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग एक ते तीन किलोमीटरची. छोट्या शाळेत जागाच चार-पाच, त्यामुळे जवळ राहणाऱ्यांतच त्या बहुतेक संपतात. अडचण अशी होते की पत्ता टाइप केला की नकाशा वस्तीच्या नावावर किंवा पिनकोडच्या मधोमध जाऊन थांबतो. आपलं घर तिथून आठशे मीटर लांब असतं. नकाशा मोठा करा, आपली गल्ली, शेजारचं देऊळ किंवा दुकान ओळखा आणि खूण बोटाने सरकवून अगदी घराच्या छपरावर आणा. मगच पुढचं बटण दाबा. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल तर या टप्प्याला त्याच्या शेजारी बसा. शाळा जवळ यावी म्हणून खूण मुद्दाम सरकवणं तर अजिबात नको. पडताळणीत पत्ता जुळला नाही की प्रवेश जातो.

कागदपत्रं

राहण्याच्या पुराव्यासाठी रेशनकार्ड, वाहन परवाना, वीजबिल, दूरध्वनी बिल, घरपट्टी, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक यांपैकी एक लागतं. भाड्याने राहणाऱ्यांची इथेच कोंडी होते, कारण साधा नोटरी केलेला करार चालत नाही. भाडेकरार दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेला हवा आणि तो अर्ज भरण्याच्या आधीच्या तारखेचा हवा. घरमालक नोंदणीला कां-कूं करतात, त्यांना मनवायला वेळ लागतो. दिवाळीनंतर लगेच हा विषय काढा.

जातीचा दाखला बालकाचा किंवा वडिलांचा चालतो. परराज्यातला चालत नाही. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा आणि त्या वर्षीच्या जाहिरातीत सांगितलेल्या आर्थिक वर्षाचा. मागच्या वेळचा जुना दाखला जोडून बरेच अर्ज फुकट जातात. दिव्यांग मुलासाठी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, जिल्हा शल्यचिकित्सक किंवा अधिकृत शासकीय रुग्णालयाकडून. आई एकटीने मूल वाढवत असेल तर परिस्थितीप्रमाणे पतीचा मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा न्यायालयीन आदेश लागतो. मग राहण्याचे आणि उत्पन्नाचे कागद आईचे.

सगळे कागद एकदा जमिनीवर शेजारी शेजारी मांडा आणि फक्त नावं वाचा. जन्मदाखल्यावर ‘सुनिता’, रेशनकार्डावर ‘सुनीता’, आधारवर आडनाव आधी. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक समजून घेतात, पण वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर कागद तपासणारी पडताळणी समिती थांबवते. जन्मदाखल्यातली दुरुस्ती नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत होते आणि तिला आठवडे लागतात.

सोडतीनंतर मेसेजची वाट बघत बसू नका. मोबाइल नंबर बदलला, मेसेज आलाच नाही आणि मुदत संपली, असं दर वर्षी होतं. अर्ज क्रमांक टाकून पोर्टलवर स्वतः बघा. नाव लागलं तर मूळ कागद आणि झेरॉक्स घेऊन तालुक्याच्या किंवा प्रभागाच्या पडताळणी समितीकडे आणि तिथून पत्र घेऊन शाळेत. प्रतीक्षा यादीत असाल तरी बघत राहा. छोट्या शाळेत एका कुटुंबाने गाव बदललं की यादी पुढे सरकते. मराठी माध्यमाच्या शाळांत तर राखीव जागा अनेकदा रिकाम्या राहतात, कारण पालकांचे अर्ज इंग्रजी माध्यमाकडे जातात. मराठीतून शिकवणारी जवळची चांगली शाळा हवी असेल, तर ही वाट तुमच्यासाठी पुष्कळ मोकळी आहे.

आरटीईतून आलेल्या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवता येत नाही. फीची मागणी करता येत नाही. सरकार शाळेला दर मुलामागे वर्षाला १७,६७० रुपयांपर्यंत देतं आणि ही रक्कम वर्षानुवर्षं थकते. छोट्या शाळेला ते जड जातं, हे खरं आणि गंभीर आहे. पण तो हिशोब शाळा आणि सरकारमधला. पालकांकडून तो वसूल करता येत नाही. बस, सहल, गणवेश यांबद्दल मात्र पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून ठेवा.

मधल्या इयत्तेत यायचं असेल तर

राखीव जागा फक्त सुरुवातीच्या वर्गाच्या. तिसरीत किंवा पाचवीत यायचं तर शाळेत जागा असावी लागते, शिवाय आधीच्या शाळेचा दाखला आणि प्रगतिपुस्तक लागतं. मागितल्यावर दाखला तात्काळ देणं मुख्याध्यापकांवर कलम ५ नुसार बंधनकारक आहे. उलट दिशेने, छोट्या खासगी शाळेतून जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, तर दाखल्याला उशीर झाला म्हणून तिथे प्रवेश अडवता येत नाही. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला कलम ४ नुसार वयाप्रमाणे वर्ग मिळतो.

प्रवेश अडवला, देणगी मागितली किंवा कागद असूनही बाद केलं, तर तोंडी वाद घालण्यात दिवस घालवू नका. तालुक्यात गटशिक्षणाधिकारी आणि महापालिका हद्दीत मनपाच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार द्या. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. तक्रारीला अर्जाची प्रिंट जोडा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.