पुली फिरवून एलएसए बदलत नाही

इंजिनाला मोठा कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट, बसवणारा माणूस लिफ्ट आणि ड्युरेशन यांत सहसा चुकत नाही. व्हॉल्व्ह किती उचलला जातो आणि क्रँकचे, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य शाफ्टचे, किती अंश उघडा राहतो, हे त्याला ठाऊक असते. जाहिरातीतले ड्युरेशन आणि ०.०५० इंच लिफ्टवर मोजलेले ड्युरेशन शेजारीशेजारी ठेवू नये, हेही एकदा फसल्यावर कळते. घोटाळा होतो तो कॅमच्या कार्डावरील पुढच्या दोन आकड्यांत : लोब सेपरेशन अँगल, म्हणजे एलएसए, आणि इनटेक सेंटरलाइन. ‘ॲडजस्टेबल पुली लावली आणि एलएसए कमी केला’ असे अभिमानाने सांगणारे मला वर्षानुवर्षे भेटत आले आहेत. एकच कॅमशाफ्ट असलेल्या इंजिनात हे होऊच शकत नाही.

लोब म्हणजे शाफ्टवरचा व्हॉल्व्ह ढकलणारा उंचवटा. इनटेक लोबचे टोक आणि एक्झॉस्ट लोबचे टोक यांच्यातला कोन म्हणजे एलएसए. शाफ्ट घासून तयार झाला त्या क्षणी तो ठरला. तो कॅमच्या अंशांत मोजतात; कॅमचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. इनटेक सेंटरलाइन मात्र पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वांत वरच्या बिंदूला, पोहोचल्यानंतर क्रँकच्या किती अंशांवर इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो ते सांगते, आणि ती शाफ्ट बसवताना ठरते. बांगडीवर दोन खडे बसवले असतील, तर बांगडी मनगटावर कितीही फिरवा, खड्यांमधले अंतर तेवढेच राहते. शाफ्टच्या टोकावरची पुली फिरवणे म्हणजे बांगडी फिरवणे.

आकड्यांत पाहू. दोन्ही लोब २७० अंशांचे आणि सममित, एलएसए ११०, इनटेक सेंटरलाइन १०६ आणि एक्झॉस्टची ११४. इनटेक व्हॉल्व्ह टीडीसीच्या २९ अंश आधी उघडतो, एक्झॉस्ट २१ अंश नंतर मिटतो. दोन्ही एकत्र उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, ५० अंश. आता कॅम क्रँकचे ४ अंश ॲडव्हान्स करा, म्हणजे सगळे तेवढे आधी घडू द्या. इनटेक ३३ अंश आधी उघडेल, एक्झॉस्ट १७ अंशांवर मिटेल. बेरीज पुन्हा ५०. बदलले ते इनटेक मिटणे : बीडीसीनंतर, म्हणजे पिस्टन तळाला पोहोचल्यानंतर, ६१ ऐवजी ५७ अंशांवर. व्हॉल्व्ह लवकर मिटला की कमी आरपीएमला सिलिंडरात जास्त हवा अडकते, तळाचा टॉर्क वाढतो आणि वरचा थोडा जातो. याउलट तोच कॅम १०६ एलएसएने घासून घेतला आणि इनटेक सेंटरलाइन १०६ च ठेवली, तर इनटेक जागचा हलत नाही, पण एक्झॉस्ट २९ अंशांपर्यंत उघडा राहतो आणि ओव्हरलॅप ५८ होतो. म्हणजे पहिल्या बदलाने ताकदीची जागा सरकली, तर दुसऱ्याने आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालण्याचा, स्वभावच बदलला.

इनटेक आणि एक्झॉस्टला स्वतंत्र शाफ्ट असतील, तर एक पुढे आणि दुसरा मागे सरकवून एलएसए खरोखर बदलता येतो. आजच्या अनेक गाड्यांतली इनटेकवरची व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा, चालत्या इंजिनात नेमके हेच करते. मी बोलतो आहे ते एका शाफ्टविषयी.

हा फरक शब्दांपुरता असता तर मी वाद घातला नसता. पण ट्यूनिंग त्यावरच अवलंबून आहे. कॅम केवळ ॲडव्हान्स केला असेल, तर फ्युएल मॅपमध्ये, म्हणजे पेट्रोलाच्या प्रमाणाच्या तक्त्यात, आरपीएमनुसार थोडी हलवाहलव करावी लागते आणि तळाशी नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी पेटल्याचा ठोका, होते का ते ऐकून इग्निशन, म्हणजे ठिणगीची वेळ, काही अंश मागे घ्यावे लागते. आयडलिंगला फारसा हात लावावा लागत नाही. ओव्हरलॅप वाढला असेल, तर सिलिंडरांना हवा देणाऱ्या मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो, तिथला दाब मोजणाऱ्या मॅप (MAP) सेन्सरला इंजिनावर खरोखर भार आल्यासारखे वाटते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल वाढवते. शिवाय न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये निसटतो, ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ असल्याची खोटी साक्ष देतो आणि ईसीयू आणखी पेट्रोल ओतते. अशा वेळी आयडलिंगला सेन्सरचे ऐकणे बंद करून, आरपीएम वाढवून, इग्निशन नव्याने जुळवून ईसीयूमधल्या मॅपचा तो सगळा कोपरा पुन्हा लिहावा लागतो. काय बदलले तेच ठाऊक नसलेला माणूस लॅपटॉप उघडून चुकीच्या कोपऱ्यात दिवस घालवतो.

धडधडते आयडलिंग हे ताकदीचे प्रमाणपत्र आहे, ही समजूत मला मुळीच मान्य नाही. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी मी रुंद, म्हणजे जास्त अंशांचा आणि कमी ओव्हरलॅपचा, एलएसएच निवडेन. शेव्हरोलेच्या ६.२ लिटरच्या एलएस३ व्ही८ इंजिनाचा मूळ कॅमचा एलएसए ११७ अंशांचा आहे, आणि ते इंजिन दुबळे असल्याची तक्रार कोणी केलेली नाही.

कार्बोरेटरची एक जुनी मारुती एस्टीम माझ्याकडे आली होती. मालकाला ती धडधड हवी होती, म्हणून त्याने पुलीवरच्या चार खुणांइतका कॅम रिटार्ड केला, म्हणजे मागे फिरवला होता. आयडलिंग होते तसेच राहिले आणि खंबाटकी घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्येही कुंथू लागली. पुलीवरच्या खुणा कॅमच्या अंशांत होत्या, त्यामुळे चार म्हणजे क्रँकचे आठ अंश. आणि या इंजिनात सिलिंडरांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच फिरवतो, त्यामुळे स्पार्कही आठ अंश मागे गेला होता. ‘ॲडव्हान्स’ हा एकच शब्द गॅरेजमध्ये कॅमलाही लावतात आणि इग्निशनलाही, म्हणून मालकाच्या हे ध्यानातच आले नव्हते. मी पुलीला हात न लावता ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर जागेवर आणला, तेव्हा अर्धी तक्रार मिटली. उरलेल्या अर्ध्यासाठी, म्हणजे कॅमची जागा मोजून लावण्यासाठी, डिग्री व्हील आणि डायल गेज बाहेर काढावे लागले.