इकॉलॉजीचं पदव्युत्तर शिक्षण (बेळगाव सीमाभाग)

सजीव एकमेकांशी आणि आपल्या जागेशी, म्हणजे तिथल्या माती-पाणी-ऊन-पावसाशी, कसे बांधलेले असतात याचा अभ्यास म्हणजे इकॉलॉजी. मराठीत परिस्थितिकी, परिस्थितिविज्ञान असे शब्द आहेत पण बेळगावात वर्गात काय आणि टपरीवर काय सगळे इकॉलॉजीच म्हणतात, म्हणून इथंही तेच ठेवलंय. हा शब्द जर्मन प्राणिशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेलनं १८६६ मध्ये केला, इकोसिस्टिम हा शब्द बराच नंतरचा, १९३५ चा, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्सलीचा. भारतात विद्यापीठाच्या पातळीवर विषय रुजवला तो बनारस हिंदू विद्यापीठात रामदेव मिश्रांनी, त्यांना भारतीय इकॉलॉजीचे जनक म्हणतात. या नोंदीत बीएस्सीनंतरचं शिक्षण, म्हणजे एमएस्सी आणि पीएचडीचं कोर्सवर्क, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी मुलामुलींना कसं भेटतं ते बघू.

आधी एक गैरसमज. इकॉलॉजी म्हटलं की घरचे म्हणतात अरे तो ईव्हीएसचा (पर्यावरण अभ्यासाचा) पेपर की ओ, झाडं लावा पाणी वाचवा. तो पेपर वेगळा. एम. सी. मेहता खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं, त्यातून पुढं यूजीसीनं सगळ्या पदवी अभ्यासक्रमांना तो जोडला, आणि तो पास व्हायला वहीसुद्धा लागत नाही असं सगळ्यांचं मत झालं. इकॉलॉजी त्या मानानं कोरडा, मोजमापाचा विषय आहे. 'रान वाचलं पाहिजे' हे वाक्य त्यात येत नाही, 'या रानात हेक्टरी किती झाडं, कुठल्या जातीची, दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी की जास्त, आणि हे तुम्ही कशावरून म्हणता' हे येतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात अवघड.

कुठून कुठं

इकॉलॉजी अशी पाटी लावलेले विभाग देशातच मोजके. त्यामुळं सीमाभागातला मुलगा किंवा मुलगी सहसा वाकड्या वाटेनंच या विषयात येते. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स एकदम इंग्लिशमध्ये (तो पहिला धक्का, त्यातून सावरायला निम्मं वर्ष जातं), मग बेळगावात जीएसएस किंवा आरएलएससारख्या कॉलेजात पदवी, आणि पुढं बॉटनी, झुऑलॉजी किंवा एन्व्हायर्न्मेंटल सायन्समध्ये एमएस्सी. बेळगावचं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, त्याआधी सगळा कारभार धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा होता. इथून धारवाड, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि चोर्ला घाट उतरून गोवा विद्यापीठ, तिन्ही ठिकाणी सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येतं, तीन दिशांना तीन राज्यांची विद्यापीठं असं फार कमी गावांच्या नशिबी असतं. महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो तिथल्या मुलांना महाराष्ट्रातल्या काही अभ्यासक्रमांत राखीव जागा असतात, पण कुठल्या कोर्सला आणि कुठला दाखला ते दरवर्षी आधी विचारून घ्यावं, फॉर्म भरल्यावर नव्हे.

थोडं लांब गेलं तर शिरसीचं फॉरेस्ट्री कॉलेज, शंकरघट्टच्या कुवेंपू विद्यापीठातला वाइल्डलाइफचा विभाग, पाँडिचेरी विद्यापीठाचा इकॉलॉजी आणि पर्यावरणाचा विभाग. खास वन्यजीव करायचं असेल तर डेहराडूनची वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट (१९८२) आणि बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतली वाइल्डलाइफ बायोलॉजीची एमएस्सी, जागा बोटांवर मोजण्याइतक्या आणि देशभरातून अर्ज. पीएचडीसाठी बंगळूरच्या आयआयएससीतलं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस, जे १९८३ मध्ये माधव गाडगीळांनी उभं केलं, आणि १९९६ पासूनची एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था. गाडगीळांचं नाव इकडं २०११ च्या पश्चिम घाट अहवालामुळं सगळ्यांना ठाऊक, आणि चहाच्या टेबलावर त्यावरून भांडणंही होतात. पण त्यांनी वा. द. वर्तकांबरोबर १९७० च्या दशकात देवरायांवर जे काम केलं ते विद्यार्थ्यानं आधी वाचावं असं मला वाटतं. गावचं देवाचं रान हाही शास्त्रीय अभ्यासाचा विषय होतो हे तिथं पहिल्यांदा कळतं.

कोर्सवर्क

एमएस्सी दोन वर्षांची, चार सेमिस्टरची. एक समूह किती वेगानं वाढतो आणि कुठं थांबतो (व्हेरहुल्स्टचं १८३८ चं समीकरण, वहनक्षमता वगैरे), शिकारी-भक्ष्याची लोटका-व्होल्टेरा गणितं, अन्नसाखळीत ऊर्जा कशी गळत जाते, उत्क्रांती, वर्गीकरण, रिमोट सेन्सिंग आणि जीआयएस, कायदे, शेवटी डिझर्टेशन. यादी सगळीकडं साधारण हीच. यातलं बहुतेक पाठ करून पास होता येतं आणि खूप जण होतातही.

पाठ करून न येणारा भाग म्हणजे स्टॅटिस्टिक्स, आणि बायोलॉजी घेतलेली निम्मी पोरं गणित टाळायला म्हणून बायोलॉजीत आलेली असतात त्यामुळं इथं पळापळ होते. खरा अडथळा सूत्रांचा नाही, सूत्रं आता आर नावाचं फुकट सॉफ्टवेअर करून देतं (न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये दोन संख्याशास्त्रज्ञांनी सुरू केलेलं, पहिली पक्की आवृत्ती २००० ची). अडथळा आहे अभ्यासाची मांडणी करण्याचा, आणि तो समजायला बेळगावातलंच उदाहरण घेऊ.

गणपतीनंतर पाण्याची तपासणी हा इकडचा लाडका प्रोजेक्ट. कपिलेश्वर तलावाचं पाणी विसर्जनाआधी घ्यायचं, नंतर घ्यायचं, दोन आकडे शेजारी ठेवायचे आणि निष्कर्ष लिहायचा की विसर्जनानं प्रदूषण झालं. बाटल्या भरणं सोपं नसतं हे मान्य, विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीनं मोजायचा तर मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तिथल्या तिथं काठावर टाकावं लागतं, हवेचा एक बुडबुडा आत गेला तरी आकडा चुकला. बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप) पुस्तकात पाच दिवस २० अंशांवर लिहिलेला असतो आणि आपल्याकडं तीन दिवस २७ अंशांवर करतात, याचा गोंधळ वेगळा. पण हे सगळं नीट केलं तरी निष्कर्ष लटका, कारण आधी आणि नंतर यांच्यामध्ये दहा-बारा दिवस गेले, मध्ये पाऊस पडला, गटाराचं पाणी आलं असेल, ऊन वाढलं असेल, ऑक्सिजन कशानं कमी झाला कुणास ठाऊक. म्हणून दुसरा एक तलाव लागतो, साधारण तसाच पण जिथं विसर्जन होत नाही, आणि तिथलंही आधी-नंतर मोजावं लागतं. मग विसर्जनाच्या तलावातला बदल वजा साध्या तलावातला बदल, जे उरलं ते विसर्जनाचं म्हणता येईल. याला BACI (बाकी, म्हणजे बिफोर-आफ्टर-कंट्रोल-इम्पॅक्ट) डिझाइन म्हणतात. आणि तेवढ्यानंही भागत नाही, साधा तलाव एकच घेतला तर त्या एका तलावाचं काही खाजगी कारण असू शकतं, म्हणून असे दोन-चार पाहिजेत.

इथंच दुसरा खड्डा, स्यूडोरेप्लिकेशन म्हणजे खोटी पुनरावृत्ती. अमेरिकन इकॉलॉजिस्ट स्टुअर्ट हर्लबर्टनं १९८४ मध्ये यावर जो पेपर लिहिला त्यानं किती जणांची झोप उडवली असेल. उसाला सेंद्रिय खत घातलं तर मातीत गांडुळं वाढतात का बघायचं. चिकोडीकडं एक सेंद्रिय फड घेतला, एक रासायनिक, प्रत्येकात ५० खड्डे काढले, आणि लिहिलं की सॅम्पल १००. सॅम्पल १०० नाही. खत एका फडाला घातलंय, ५० खड्ड्यांना वेगवेगळं नाही, म्हणजे प्रत्येक बाजूला सॅम्पल फक्त एक. ५० ऐवजी ५०० खड्डे काढले तरी एकच. ज्याला हे एकदा नीट उमगलं त्याचं कोर्सवर्क अर्धं झालं म्हणावं, आणि जवळपास प्रत्येकाला ते स्वतःच्या डिझर्टेशनचा डेटा गोळा करून झाल्यावरच उमगतं. माझंही तेच झालं, पावसाळाभर फिरून आणलेले आकडे होते, तोंडी परीक्षेत एका बाईंनी शांतपणे विचारलं तुझा एन (म्हणजे सॅम्पलची संख्या) किती, आणि मी ६० म्हटलं, त्या म्हणाल्या दोन.

रान आणि फील्ड

फील्डच्या बाबतीत मात्र हा जिल्हा श्रीमंत आहे. पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस हजारो मिलिमीटरचा, पूर्वेला अथणीकडं जेमतेम सहाशेच्या आतबाहेर, म्हणजे एकाच जिल्ह्यात सदाहरित रानापासून बाभळी-काटेरी माळापर्यंत सगळा उतार मिळतो. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला जाते, त्याच खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिच्या पाण्यासाठी लवाद बसला, २०१८ मध्ये निकाल आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी. टीएमसीची भाषा सगळ्यांना येते, पण नदीत तिच्या माशांसाठी उन्हाळ्यात किती पाणी राहिलं पाहिजे हा इकॉलॉजीतला रीतसर प्रश्न आहे आणि तो वर्गात शिकवायला यापेक्षा जवळचं उदाहरण नाही. पूर्वेला गोकाकजवळ धुपदाळच्या पाण्यावर घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात कांड्या करकोचे येतात, पक्षी मोजायला शिकायचं तर बरी जागा, वाहन जातं आणि जळवा नसतात.

भीमगडला जळवा असतात. भीमगड वन्यजीव अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटर, एका बाजूला गोव्याचं म्हादई अभयारण्य, दक्षिणेकडं काळी व्याघ्र प्रकल्प. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांमधून रॉटनचा फ्री-टेल्ड वटवाघूळ शास्त्राला पहिल्यांदा कळला, ओल्डफील्ड थॉमसनं १९१३ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि पुढं कित्येक वर्षं जगात तो फक्त इथंच आहे असं समजत होते, नंतर मेघालय आणि कंबोडियात सापडला. खानापूरच्या कित्येक लोकांना याची खबर नाही, बाहेरचे संशोधक मात्र बारापेडे नाव बरोबर उच्चारतात. पावसाळ्यात इकडं जाताना मोज्यांवर तंबाखूची पूड चोळतात, निपाणीच्या तंबाखूचा हा एक शास्त्रीय उपयोग.

अभयारण्यात अभ्यासाला जायचं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते, काही पकडायचं असेल तर कलम १२ वेगळं. परवाना बंगळूरहून येतो, आणि यायला कधीकधी सेमिस्टरपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून शहाणे विद्यार्थी विषय अभयारण्याबाहेरचा घेतात, देवराई, मालकी रान, गावतळं.

काम तसं साधं दिसतं. दोरीनं चौकट आखायची, आतल्या प्रत्येक झाडाचा घेर साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर टेपनं मोजायचा, नाव लिहायचं. नावाशी गाडी अडते. वॉचर मामा कन्नडमध्ये मत्ती म्हणतात, कोल्हापूरकडचं पुस्तक ऐन म्हणतं, झाड एकच. आपला नाणा तो तिकडं नंदी, आपलं जांभूळ ते नेरळे, हिरडा तो अळले. खानापूरचा माणूस दोन्ही नावं एका वाक्यात वापरतो आणि त्याला काही वाटत नाही, पण डेटाशीटवर एकाच झाडाच्या दोन जाती झाल्या की विविधतेचा शॅनन इंडेक्स फुकटचा वाढतो आणि रान कागदावर समृद्ध होतं. उपाय जुनाच आहे, फांदी कापून वर्तमानपत्रात दाबून वाळवायची आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, जुळवून घ्यायची. दोन्ही भाषा येणारी सीमाभागातली पोरं इथं बंगळूरच्या पोरांपेक्षा सरस ठरतात, हे कुठल्या मार्कलिस्टवर येत नाही.

पीएचडी आणि पुढं

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणं पीएचडीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आहे, त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन-प्रकाशनाची नीतिमत्ता येते, कालावधी किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. एमफिल बंद झालं. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एमएस्सी न करताही अर्ज करता येतो. नेट परीक्षा काढून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,०००, ती नसेल तर प्रोजेक्टवरचा पगार, तो वेळेवर येईलच असं नाही. सीएसआयआर नेटला लाइफ सायन्सेसमधून बसतात, गेटला इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन असा स्वतंत्र पेपर आहे.

नोकऱ्या म्हणाल तर शिक्षकी, संस्थांमधली प्रोजेक्टची कामं, थोडी वनखात्याच्या परीक्षांची वाट, आणि सगळ्यात जास्त मागणी पर्यावरण आघात मूल्यांकन करणाऱ्या कन्सल्टन्सींची. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणीआधी अहवालाचा सारांश इंग्रजीत आणि राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो. इकडं तो कन्नडमध्ये येतो. खानापूरच्या गावात तो मराठीत वाचून दाखवायला आणि 'या भागात दुर्मिळ प्रजाती आढळल्या नाहीत' हे वाक्य कुठल्या महिन्यात, किती दिवस फिरून लिहिलंय ते विचारायला कुणीतरी लागतं, आणि गावात एमएस्सी झालेलं कुणी असेल तर बोलावणं त्यालाच येतं.