विल्यम एडवर्ड पॅरी यांच्या सुरुवातीच्या आर्क्टिक मोहिमा

विल्यम एडवर्ड पॅरी (जन्म १७९०, बाथ) हा ब्रिटिश नौदलातला अधिकारी. अटलांटिकमधून कॅनडाच्या वरून पॅसिफिकला जाणारा वायव्य मार्ग शोधायला तो निघाला, मार्ग काही पूर्ण सापडला नाही, पण आर्क्टिकच्या हिवाळ्यात माणसं जगवायची कशी हे त्याने दाखवलं आणि माझ्या मते खरं मोठं काम तेच.

पहिली फेरी १८१८ ची, जॉन रॉसच्या हाताखाली. लँकेस्टर साउंड या कॅनडाच्या उत्तरेकडच्या समुद्राच्या फाट्यात रॉसला समोर डोंगर दिसले म्हणून तो मागे फिरला, मागच्या अलेक्झांडर जहाजावरच्या पॅरीला मात्र ते पटलं नाही. पुढच्याच वर्षी हेक्ला आणि ग्रायपर ही दोन जहाजं घेऊन तो परत तिथे गेला तर डोंगर नव्हतेच, सरळ पाणी! ४ सप्टेंबर १८१९ ला ११० अंश पश्चिम रेखांश ओलांडला आणि ५,००० पौंडांचं सरकारी बक्षीस मिळालं.

मग मेलव्हिल बेटापाशी जहाजं बर्फात अडकली ती जवळपास दहा महिने, त्यातले तीन महिने तर सूर्यच नाही. ताजी भाजी-फळं न मिळाल्याने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाची भीती होती म्हणून पॅरीने स्वतःच्या केबिनमध्ये शेगडीच्या पाइपाजवळ खोक्यांत मोहरी आणि हळिवाची रोपं वाढवली, तोच हळीव ज्याचे आपण लाडू करतो. खलाशांची मनं खचू नयेत म्हणून नाटकं बसवली, साप्ताहिक काढलं, डेकवर संगीताच्या तालावर पळायला लावलं. थंडी किती? फेब्रुवारीत किनाऱ्यावरच्या वेधशाळेला आग लागली, एक नोकर हातमोजे न घालता उपकरण वाचवायला धावला, नंतर त्याचे हात गार पाण्यात बुडवले तर पाण्यावरच बर्फाची साय धरली. त्याची काही बोटं कापावी लागली.

त्याच्या स्वतःच्या नेतृत्वाखालची दुसरी मोहीम १८२१ ते १८२३, फ्युरी आणि हेक्ला. यावेळी इलिग्लियुक नावाच्या इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) बाईने पुढचा किनारा कागदावर काढून दिला आणि १८२२ मध्ये तिने दाखवली तिथेच सामुद्रधुनी निघाली, पण बर्फाने गच्च भरलेली, जहाजं आरपार जाऊच शकली नाहीत. सामुद्रधुनीला नाव जहाजांचं मिळालं, फ्युरी अँड हेक्ला. ते इलिग्लियुकचं असायला हवं होतं.