छोटी स्टेपनी आणि तिची हवा : आमच्या ग्राहकांसाठी

“स्टेपनी तर नवी कोरी आहे, मग लावल्याबरोबर बसली कशी?” लग्नसराई सुरू झाली की हा प्रश्न आम्हाला वारंवार फोनवर ऐकावा लागतो, आणि विचारणारे ग्राहक बहुधा लळिंग घाटात नाहीतर पारोळ्याच्या पुढे भर उन्हात उभे असतात. टायर नवाच असतो. पण गाडी घेतल्यापासून त्याला कोणी गेज लावलेला नसतो. नुसत्या पडून असलेल्या टायरमधूनही महिन्याला साधारण १ पीएसआय हवा कमी होते, हे ध्यानात घेतले तर दोन-तीन वर्षांत काय उरत असेल याचा हिशेब अवघड नाही.

याहून जास्त वेळ मोडतो तो दुसऱ्या चुकीमुळे. काही ग्राहक आठवणीने स्टेपनीत हवा भरून घेतात, मात्र चार चाकांना ३३ म्हणून पाचव्यालाही ३३. ज्या अरुंद टायरच्या मापापुढे ‘टी’ हे अक्षर असते, उदाहरणार्थ टी १२५/७० डी १५, त्याला ६० पीएसआय हवा लागते व तो आकडा बहुधा टायरच्या बाजूवरच उठवलेला असतो. आत हवेला जागा थोडी आणि भार मात्र मोठ्या चाकाएवढाच, म्हणून दाब जास्त. ३३ वर हा टायर दबतो, त्याच्या बाजू तापतात आणि वैशाखातल्या डांबरावर तो फार काळ टिकत नाही. मात्र प्रत्येक छोटी स्टेपनी ६० ची नसते. १६ इंची अलॉय असलेल्या कित्येक गाड्यांत लोखंडी रिमवरचा साधाच, पण लहान मापाचा टायर दिलेला असतो. त्याची हवा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत पाहावी.

हवा तपासताना आमच्या दुकानातला मुलगा डिकी रिकामी करायला सांगतो, ते काहींना रुचत नाही. पाच मिनिटे जातात हे मान्य. पण स्टेपनी न पाहता “हवा तपासली” असे म्हणणे आम्हाला पटत नाही. पाचव्या चाकाच्या हवेचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. त्याच वेळी टायरवरील चार आकडी तारीखही पाहतो : २३१६ म्हणजे २०१६ चा २३ वा आठवडा. न वापरलेले रबरही कडक होते, आणि अनेक टायर कंपन्या १० वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात.

गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असेल आणि पंक्चर पुढे झाले असेल, तर मागचे चांगले चाक पुढे घेऊन स्टेपनी मागे लावावी. दोनदा जॅक लावावा लागतो खरा, पण लहान-मोठ्या चाकांचा ताण डिफरन्शियलवर, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरवर, येत नाही आणि ब्रेकची पकडही पुढे शाबूत राहते. त्यानंतर स्टिकरवरील वेगमर्यादा, बहुतेक गाड्यांत ताशी ८० किलोमीटर, पाळून जवळचे पंक्चरचे दुकान गाठावे. आठ-आठ दिवस त्याच चाकावर जळगाव-धुळे करणारेही आम्ही पाहिले आहेत.

काढलेले मोठे चाक छोट्या स्टेपनीच्या खड्ड्यात बहुधा बसत नाही, म्हणून लांबच्या प्रवासात डिकी काठोकाठ भरू नये. पूर्ण मापाचे पाचवे चाक हवे असल्यास गाडी घेऊन यावे. आम्ही खड्डा मोजून पाहू, आणि चाक बसणार नसेल तर विकणार नाही.