आठ ओळींवरचा अंदाज: एक्सेलमधून अ‍ॅक्सेसमध्ये आणताना डेटा का बिघडतो

शीटमध्ये सगळं जागच्या जागी असतं. अ‍ॅक्सेसमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्राममध्ये) इम्पोर्ट केलं की काही जागा रिकाम्या येतात आणि शेजारी 'इम्पोर्ट एरर्स' नावाचं नवंच टेबल उगवतं. कुठल्या ओळीत, कुठल्या फील्डमध्ये (टेबलाच्या रकान्यात) 'टाइप कन्व्हर्जन फेल्युअर', म्हणजे डेटाचा प्रकार बदलताना चूक, झालं, हे त्यात लिहिलेलं असतं. अशा वेळी फाइल पुन्हा पुन्हा सेव्ह करून काही होत नाही. गोची बरीच जुनी आहे.

अ‍ॅक्सेस १९९२ च्या नोव्हेंबरात आलं ते जेट हे डेटा साठवणारं-वाचणारं इंजिन घेऊन. एक्सेलमध्ये एकाच रकान्यात आकडा, तारीख, मजकूर काहीही चालतं. टेबलात अख्ख्या फील्डला एकच प्रकार. तो ठरवायला एक्सेलच्या ड्रायव्हरने (शीट वाचून देणाऱ्या भागाने) सोपा तोडगा काढला: पहिल्या आठ ओळी पाहायच्या आणि बहुमताने निकाल द्यायचा. बरोबरी झाली तर आकडा जिंकतो. म्हणून घर क्रमांकाच्या रकान्यात वरच्या आठ ओळी १२, १४, १५ अशा असल्या आणि पुढे कुठे '१७-ब' आलं, की तिथे रिकामी जागा उरते. लांबलचक शेरेही असेच २५५ अक्षरांवर कापले जातात, कारण वरच्या आठांत तेवढा लांब शेरा नव्हता.

हा आठचा आकडा विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या (सेटिंग्जच्या साठ्यातल्या) 'टाइप गेस रोज' या नोंदीत असतो. तिथे ० टाकला की जेट पहिल्या १६,३८४ ओळी तपासतं. एक्सेल ९५ च्या शीटमध्ये नेमक्या तेवढ्याच ओळी होत्या. पुढे शीट ६५,५३६ आणि २००७ मध्ये १०,४८,५७६ ओळींची झाली, तरी हा जुना आकडा राहिलाच.

रजिस्ट्रीला हात लावण्यापेक्षा रकाना एक्सेलमध्येच मजकूर करून घेणं बरं. 'फॉरमॅट सेल्स'मध्ये जाऊन नुसतं 'टेक्स्ट' निवडल्याने आधी भरलेले आकडे आकडेच राहतात. इथेच बहुतेक जण फसतात. रकाना निवडून 'डेटा', 'टेक्स्ट टू कॉलम्स', आणि तिसऱ्या पायरीवर 'टेक्स्ट'. दुसरी वाट सीएसव्हीची, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेल्या साध्या मजकूर फाइलची. तिच्या इम्पोर्टमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड' बटणाखाली प्रत्येक फील्डचा प्रकार आपणच ठरवतो. तारखांचा क्रमही तिथेच दिवस-महिना-वर्ष असा लावून घ्यावा.

पण सीएसव्हीत एक्सेल सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं. १२ अंकी आधार क्रमांक 'जनरल' फॉरमॅटमध्ये १.२३४५७ई+११ असा दिसतो आणि तसाच फाइलमध्ये जातो. आधी 'फॉरमॅट सेल्स'मध्ये सेलचा फॉरमॅट म्हणून ० द्या, मग सेव्ह करा. १६ अंकी खाते क्रमांक आकडा म्हणून टाइप केला असेल तर मात्र इलाज नाही: एक्सेल १५ अंकच धरतं, सोळाव्याचं शून्य टाइप करतानाच होऊन बसलेलं असतं.

मराठी मजकुराची अडचण वेगळी. युनिकोड अ‍ॅक्सेस २००० सोबतच्या जेट ४.० मध्ये आला. कृतिदेव किंवा श्रीलिपी या युनिकोडपूर्व फॉन्टांतल्या जुन्या याद्यांत मुळात रोमन अक्षरंच असतात. फॉन्ट सेलला लावलेला असतो आणि तो इम्पोर्टमध्ये येत नाही. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. सीएसव्ही 'यूटीएफ-८' प्रकारात सेव्ह करा आणि इम्पोर्ट करतानाही तोच कोड पेज (अक्षरांची सांकेतिक पद्धत) निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

तारखांच्या जागी ४५,००० सारखे आकडे आले तर ते १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस समजावेत. ही मोजणी लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटची. १९८३ च्या त्या प्रोग्रामने १९०० हे लीप वर्ष धरलं आणि सुसंगतीसाठी एक्सेलनेही ती चूक घेतली. अ‍ॅक्सेसचा शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ असल्यामुळे १ मार्च १९०० पासून दोघांचे आकडे जुळतात. सगळ्याच तारखा १,४६२ दिवसांनी मागे दिसल्या तर वर्कबुक मॅकच्या १९०४ पद्धतीचं आहे. तेवढे दिवस मिळवा.

इम्पोर्टऐवजी शीट लिंक केली (डेटा एक्सेलमध्येच ठेवून नुसता जोडला) तर ती अ‍ॅक्सेसमधून बदलता येत नाही, याची कारणं कोर्टात सापडतात. पूर्वी बदलता यायची. ग्वाटेमालाचे संशोधक कार्लोस अमाडो यांनी पेटंटवरून मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, २००५ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि कंपनीने ऑफिस २००३ च्या अपडेटमधून ती सोय काढून घेतली. लिंक केलेल्या शीटमध्ये दुरुस्ती करायची तर अजूनही एक्सेलच उघडावं लागतं.